ध्वनिमुद्रिकांचें सचैल स्नान

हल्लीं सुशिक्षित मंडळींच्या घरांत जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हां माळ्यावरून खालीं येऊं लागल्या आहेत, ही गोष्ट आम्हांस आनंदाचीच वाटते. अमेरिकेंत तर २०२२ सालीं व्हायनिलच्या तबकड्या सीडींपेक्षां संख्येनें अधिक खपल्या. तिकडे १९८७ नंतर असें प्रथमच घडलें. तबकडी आली कीं तिच्यावरची धूळ आली, धूळ आली कीं ती धुण्याचा प्रश्न आला, आणि प्रश्न आला कीं त्यावर यंत्र विकणाराहि आलाच. या बाजारांत सध्यां सर्वांत मोठा मान अल्ट्रासॉनिक, म्हणजे मानवी कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं धुणाऱ्या, यंत्राचा आहे. त्यांतलें कोणतें घ्यावें असें अनेक स्नेही एकमेकांस विचारतात, आणि उत्तर देणारे बहुधा एकच आंकडा पुढें करतात: अमुक इतके किलोहर्ट्झ. आंकडा मोठा तें यंत्र श्रेष्ठ, अशी समजूत त्यामुळें रूढ होऊं पाहत आहे. ही समजूत शास्त्रदृष्ट्या अपुरी आहे, खिशाला चाट लावणारी आहे, आणि आमच्याकडील घरांत ती तशीच पाळली गेली तर पुन्हां न मिळणारा कांहीं ठेवा तिच्यापायीं नष्ट होईल, असें आमचें स्पष्ट मत असल्यामुळें हा लेखनप्रपंच.

मुख्य मुद्द्याकडे वळण्यापूर्वीं एका वेगळ्याच पक्षाचा थोडक्यांत समाचार घेणें अवश्य आहे. हा पक्ष म्हणतो, तबकडी धुवावयाची कशाला? ती खरखर, ते मधूनमधून होणारे टचटच आवाज, हाच जुन्या गाण्याचा खरा गंध! लाखेच्या तबकडीला जन्मतःच थोडी खरखर असते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु व्हायनिलच्या तबकडींत ऐकूं येणारी बहुतेक खरखर, गवई मुद्रणगृहांत बसला त्या दिवशीं तेथें नव्हती. ती मागाहून आमच्याच घरांतल्या धुळीनें, फोडणीच्या धुरानें आणि बोटांच्या तेलकटपणानें भरलेली आहे. देवाच्या मूर्तीवर चढलेल्या काजळीसच जो मूर्तीचा वर्ण समजतो, त्याच्याशीं वाद घालण्यांत हंशील नाहीं.

धुण्याची गरज किती खरी आहे हें खांचेचें मोजमाप पाहिलें म्हणजे कळतें. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें अमेरिकेंत दीर्घवादनाची व्हायनिलची तबकडी आणली, तेव्हांपासून खांच अतिशय बारीक झाली. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू वीस मिनिटें चालली, तर सुईखालून सुमारें ४०० मीटर लांबीची खांच सरकते. तिची रुंदी वरच्या तोंडाशीं साधारण ५० ते ६० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केंसाहूनहि बहुधा कमी. तबकडीच्या मध्याकडे, जेथें गाणें संपत येतें तेथें, खांचेचा वेग सेकंदास २१ सेंटिमीटरांच्या आसपास उतरतो. आणि दर सेकंदास १०,००० कंपनांचा जो बारीक झणत्कार असतो, तो तेथें अवघ्या वीस मायक्रॉनांच्या नागमोडींत लिहिलेला असतो. तंबोऱ्याची जव्हारी, चाटेवरचा तबल्याचा बोल, द्रुत तानेच्या शेवटीं घेतलेला श्वास, हें सारें या असल्या सूक्ष्म वळणांत आहे. सुईचा भार दीड-दोन ग्रॅमच, पण ती टेकते ती जागा इतकी लहान कीं तेथील दाब प्रचंड. मध्यें धुळीचा कण सांपडला म्हणजे तो भिंतीवर रगडला जातो, आणि मग पडलेला ओरखडा ब्रह्मदेवासहि भरून काढतां येत नाहीं. असो.

आतां यंत्राकडे येऊं. टाकीच्या बुडाशीं किंवा बाजूंस बसविलेले कंपक पाण्यांत अतिशीघ्र कंपनें उत्पन्न करतात. दाब कमी होण्याच्या क्षणीं पाण्यांत असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात, आणि दाब वाढण्याच्या क्षणीं ते फुटून आंत कोसळतात. या कोसळण्यांतून जो झटका आणि जी बारीक धार निघते, ती मळाला त्याच्या जागेवरून उखडते. ब्रशाचा केंस जेथें पोंचत नाहीं तेथें पाणी पोंचतें, आणि पाणी पोंचतें तेथें हा झटकाहि पोंचतो. कल्पना खरोखर सुंदर आहे. तिची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आमचा कलह आहे तो तिच्या नांवावर चालणाऱ्या आंकडेशास्त्राशीं.

बाजारांतलीं यंत्रें पाहिलीं तर अमेरिकेंतील कर्मस ३५ किलोहर्ट्झवर चालतें, हाँगकाँगचें हमिंगुरु ४० वर, जर्मनीच्या एल्मासोनिक पी मालिकेंतील टाक्या ३७ व ८० अशा दोन कंपनसंख्यांवर, आणि एस्तोनियांत बनणारें डीग्रिटर १२० वर. मोठ्या आंकड्याचे कैवारी म्हणतात: ४० किलोहर्ट्झला अनुनाद पावणारा बुडबुडा सुमारें १६० मायक्रॉन व्यासाचा असतो, तो ५५ मायक्रॉनांच्या खांचेंत शिरणार कसा? १२० किलोहर्ट्झचा बुडबुडा सुमारें ५५ मायक्रॉनांचा, म्हणून तोच काय तो कामाचा. हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाहीं. बुडबुडा म्हणजे कांहीं बाटली धुण्याचा ब्रश नव्हे कीं तो आंत शिरून घासेल. तो खांचेच्या तोंडाशीं कोसळला तरी त्याची धार आणि त्यानें ढवळलेलें पाणी आंत जातें. आणि शिवाय कोणत्याहि टाकींत सर्व बुडबुडे एकाच मापाचे नसतात.

कैवाऱ्यांच्या बाजूनें जी खरी गोष्ट आहे ती ते सहसा सांगतच नाहींत, म्हणून आम्हीच सांगतों. कोणत्याहि पृष्ठभागास लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ निश्चल थर असतो, आणि त्या थरांत बुडालेला कण वरच्या खळबळीस दाद देत नाहीं. ४० किलोहर्ट्झला हा थर सुमारें २.८ मायक्रॉन जाडीचा, तर १२० ला सुमारें १.६ मायक्रॉनांचा असतो. म्हणजे अतिसूक्ष्म कण काढण्यास वरची कंपनसंख्या खरोखरच अधिक उपयोगी. परंतु तिचा एकेक झटका दुबळा असतो. चिकटून बसलेली बुरशी, वाळलेला तेलकट ठसा, कुणीएके काळीं मोठ्या प्रेमानें चोपडलेल्या कसल्याशा द्रवाचा थर, यांवर खालच्या कंपनसंख्येचा जोरकस तडाखाच बरा. एकाचें बळ तें दुसऱ्याचें वैगुण्य, असा हा मामला आहे. केवळ किलोहर्ट्झवरून यंत्राची परीक्षा करणें म्हणजे गवयाची योग्यता त्याच्या पट्टीवरून ठरविण्यासारखें आहे. अमका पांढरी पांचांत गातो, म्हणून काळी एकमध्यें गाणाऱ्याहून तो श्रेष्ठ, असें म्हणणाऱ्यास आपण बैठकींत दुसऱ्यांदा बोलावणार नाहीं.

वॅटच्या आंकड्याची कथा याहून मनोरंजक आहे. जाहिरातींत जो ठळक आंकडा छापतात त्यांत पुष्कळदां पाणी तापविणाऱ्या तापकाचेहि वॅट मिसळलेले असतात. कंपकांच्या वांट्यास किती, हें बारीक अक्षरांत शोधावें लागतें, आणि तेथेंहि तें असेलच असें नाहीं. शिवाय तें बळ किती लिटर पाण्यांत पसरणार हें कळल्यावांचून नुसते वॅट निरर्थक. यावर एक सोपी परीक्षा आहे. स्वयंपाकघरांतील ॲल्युमिनियमचा पातळ कागद टाकींत उभा धरून यंत्र मिनिटभर चालवावें. कागदावर सर्वत्र सारखे बारीक टिपके किंवा भोंकें पडलीं तर टाकी ठीक. एका ठिकाणीं चाळण आणि दुसऱ्या ठिकाणीं कोरा कागद असें दिसलें, तर त्या टाकींत तबकडीचा एक भाग मार खाईल आणि दुसरा कोरडाच राहील. विकणारा ही परीक्षा करूं देत नसेल, तर परीक्षेचा निकाल लागला असेंच समजावें.

आणखी एक प्रकार आम्हीं पाहिला आहे. दागिने किंवा चष्मे धुण्याची टाकी घ्यावयाची, तिच्यावर एक आडवी दांडी बसवावयाची, आणि त्या दांडींत तबकड्या ओवून एकदम आठ-दहा फिरवावयाच्या. या युक्तींत मूळचें वाईट कांहीं नाहीं. स्वस्तांत उत्तम धुणारे कित्येक लोक हेंच करतात. परंतु ४० किलोहर्ट्झला पाण्यांतील लहरींची लांबी सुमारें ३७ मिलिमीटर असते. दोन तबकड्यांमध्यें अर्ध्या लहरीपुरतीहि जागा न ठेवतां त्या पोळ्यांच्या चवडीसारख्या रचल्या, तर मधल्या तबकड्यांस ध्वनीच पोंचत नाहीं. इंचभर अंतरानें दोन किंवा तीन, आणि फेरा अगदीं सावकाश, हें पथ्य. दहा तबकड्या एका दमांत धुण्याची ज्यास घाई आहे, त्यास ऐकण्यास वेळ कोठून मिळणार हेंहि एक कोडेंच आहे.

पण हें सगळें एकीकडे आणि पाणी एकीकडे. आमच्या मतें निवड करतांना प्रथम पाहावयाची गोष्ट पाणी आहे, आणि नेमकी तिच्याविषयींच कोणी बोलत नाहीं. अल्ट्रासॉनिक यंत्र मळ नाहींसा करीत नाहीं. तें मळ तबकडीवरून पाण्यांत नेतें. तें पाणी बदललें नाहीं कीं पहिल्या तबकडीची बुरशी पांचवीच्या वांट्यास येते आणि पांचवीचें तेल दहावीच्या. क्षेत्राच्या ठिकाणीं ज्या कुंडांत सारा गांव बुडी मारतो त्या कुंडाचें पुण्य कितीहि असो, त्यांतून निघाल्यावर घरीं येऊन पुन्हां आंघोळ करावी लागते, हें आमच्या आजींस ठाऊक होतें. तीस हजार कंपनें असोत कीं सव्वा लाख, गढूळ पाण्यांत धुतलेली तबकडी वाळली म्हणजे त्या पाण्यांत जें होतें तें सर्व खांचेंत थराच्या रूपानें बसतें. पाणी तेवढें उडून जातें. पंख्यानें वाळविणाऱ्या यंत्रांत हें अधिकच घडतें. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत कीथ मंक्स यांचें शोषक यंत्र आलें, त्याचें मर्म हेंच होतें कीं मळकें पाणी वाळूं न देतां ओढून बाहेर काढावयाचें. त्या जुन्या यंत्राची आज हेटाळणी होते. आमचें म्हणणें असें कीं, चांगल्या पाण्यानें हातीं धुऊन शोषून घेतलेली तबकडी ही आठवडाभर न बदललेल्या पाण्यांत सव्वा लाख कंपनें सोसलेल्या तबकडीहून शतपट स्वच्छ असते.

तेव्हां यंत्र पाहतांना पहिला प्रश्न हा विचारावा कीं, टाकी उपसून स्वच्छ करणें किती सोपें आहे? पाणी गाळणारी गाळणी आहे काय, ती किती बारीक आहे, आणि ती बदलावयास मिळते काय? दुसरा प्रश्न स्वतःस विचारावा: हें काम मी खरोखर करणार आहें काय? नळाचें किंवा कूपनलिकेचें पाणी चालणार नाहीं. त्यांतील क्षार खांचेंत बसतात. ऊर्ध्वपातित पाणीच हवें. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्यामुळें तें बारीक खांचेंत नीट पसरत नाहीं, म्हणून टर्जिटॉलसारख्या, किंवा छायाचित्रांच्या फिल्मी धुण्यासाठीं वापरतात तसल्या, द्रव्याचे मोजके थेंब घालतात. मोजके म्हणजे मोजकेच. आणि मागाहून शुद्ध पाण्याची दुसरी धुवण हवीच. पुष्कळ लोक टाकींत आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. ही गोष्ट आम्ही निःसंदिग्धपणें त्याज्य मानतों. कंपनांनीं त्या अल्कोहोलाची वाफ आणि तुषार हवेंत उडतात, शेजारीं विजेचें यंत्र चालू असतें, आणि स्वच्छतेच्या हौसेंत घरास आग लागण्याची सोय होते. ज्या तबकडीवर दिसण्याइतका मळ आहे ती आधीं हातानें, मऊ ब्रशानें धुवावी. टाकी ही शेवटच्या हातासाठीं आहे, पहिल्या हातासाठीं नव्हे.

उष्णतेविषयीं दोन शब्द पुरेत. कोमट पाण्यांत मळ लवकर सुटतो हें खरें, पण व्हायनिल ६० अंशांच्या आसपास नरम पडूं लागतें, आणि पातळ तबकडी त्याच्या कितीतरी अलीकडेच वांकते. ३५ अंशांपुढें जाण्याचें कांहीं कारण नाहीं. कंपनांनीं पाणी आपोआपहि तापत जातें. युरोपांतल्या थंड खोलीसाठीं लिहिलेली सूचना मे महिन्यांत नागपुरास किंवा जळगांवास कामाची नाहीं. तेथें टाकींतलें पाणी यंत्र सुरू करण्यापूर्वींच ३५ अंशांच्या घरांत असतें. म्हणून ठराविक उष्णतेवर थांबणारें किंवा स्वतःस थंड करणारें यंत्रच आमच्या हवेंत घेण्यासारखें.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः लेखणी उचलली ती. यंत्रांचे सर्व विवेचन व्हायनिलविषयीं असतें, कारण पाश्चात्य ग्राहकाच्या घरीं बहुधा व्हायनिलच असते. आमच्याकडे तसें नाहीं. आमच्या घरांतील जुन्या पेटींत वर दीर्घवादनाच्या तबकड्या आणि खालीं मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जड, ठिसूळ तबकड्या असतात. या दुसऱ्या प्रकारांत लाख आहे. आमच्याच झाडांवरच्या किड्यांची लाख. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें तेव्हांपासून, आणि १९०८ सालीं कलकत्त्यांतच तबकड्यांचा कारखाना निघाल्यापासून पुढें साठ वर्षें, हिंदुस्थानचें गाणें या लाखेंत सांठविलें गेलें. येथें तर युरोप-अमेरिकेनें लाख सोडल्यानंतरहि ती चालूच राहिली. बालगंधर्वांचीं पदें, अब्दुल करीमखां यांच्या ठुमऱ्या, हिराबाई बडोदेकर यांचीं भावगीतें, हें सगळें मूळचें लाखेचें धन. स्पिरिटांत लाख विरघळते, हें फ्रेंच पॉलिश करणाऱ्या कोणत्याहि सुतारास विचारा. तो त्याच गुणावर पोट भरतो. परंतु व्हायनिलसाठीं म्हणून बाजारांत मिळणाऱ्या कित्येक द्रवांत अल्कोहोल असतें, आणि बाटलीवर ‘सर्व ध्वनिमुद्रिकांसाठीं’ असें छापलेलें असतें. अशा द्रवानें लाखेची तबकडी पुसणें म्हणजे गाणें पुसणें होय.

केवळ अल्कोहोल टाळल्यानेंहि भागत नाहीं. लाखेच्या तबकडींत दगडाची बारीक पूड आणि इतर भर असते. फार वेळ भिजली तर ती पाणी धरूं लागते. कोलंबियाच्या कांहीं तबकड्यांत तर दोन थरांमध्यें कागद आहे. शंभर वर्षांच्या तबकडीस केंसाएवढी चीर गेलेली असतेच, आणि बुडबुड्यांचा मारा जसा मळाला शोधतो तसाच चिरेलाहि शोधतो. मधला कागदी शिक्का भिजला तर त्यावरचें नांव, क्रमांक, कधीं कधीं तारीख देणारी एकमेव खूण, सारें निघून जातें. तबकडीस शिक्क्यासकट बुडविणें यास आमच्या धर्मशास्त्राच्या भाषेंत सचैल स्नान म्हणतात, आणि तें सुतकांत करावयाचें असतें. कित्येक मुद्रणांचे मूळ सांचे आज उपलब्ध नाहींत. कोणाच्या तरी पेटींत उरलेली तबकडी हीच मूळ प्रत. म्हणून आम्ही आग्रहानें म्हणतों कीं, लाखेच्या तबकडीस अल्ट्रासॉनिक यंत्र दाखवूं नये. केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर आकाशांत गेली. तिची चिंता करण्याचें कारण नाहीं. चिंता पेटींतल्या तबकड्यांची आहे.

यंत्रानें जुनी तबकडी ‘नवी होते’ असें जें सांगतात, तेंहि तपासून घ्यावें. पोलादी सुईच्या जड ग्रामोफोनानें जी खांच झिजली, तिला कोणतेंहि पाणी पूर्वस्थितीवर आणीत नाहीं. उलट मळ निघाल्यावर झीज अधिक स्पष्ट ऐकूं येते, आणि भोळा मालक म्हणतो कीं यंत्रानें बिघडविली. मळ आणि झीज यांतला भेद विकणाऱ्यानें सांगावयास हवा. तो सांगत नाहीं, कारण झीज झालेला गिऱ्हाईकहि त्यास गिऱ्हाईकच असतो.

मग घ्यावें कोणी? ज्याच्या घरीं पन्नास-साठ तबकड्या आहेत त्यानें हें यंत्र मुळींच घेऊं नये. एक मऊ ब्रश, शिक्का झांकण्याची चकती, ऊर्ध्वपातित पाणी आणि रविवारची सकाळ एवढें त्यास पुरे. उरलेल्या पैशांत त्यानें जुने, बुरशी धरलेले कागदी लिफाफे टाकून नवे आणावे. कारण धुतलेली तबकडी पुन्हां त्याच लिफाफ्यांत घालणें हा प्रकार आम्हीं विद्वानांच्या घरींहि पाहिला आहे. ज्याच्याजवळ पांचशें-हजार व्हायनिल आहेत त्यानें खुशाल घ्यावें. मात्र आधीं पाणी, मग उष्णता, मग शिक्का कोरडा राहतो कीं नाहीं, मग बिघडल्यास कंपक येथें कोण बदलून देईल, आणि सर्वांच्या शेवटीं किलोहर्ट्झ, या क्रमानें विचारावें. कांहीं शें डॉलरांपासून कांहीं हजारांपर्यंत जाणाऱ्या या किंमतींत, वर जकात भरून, आपण बरेचदां शेवटच्या प्रश्नाचेंच मोल देत असतों.

खरें पाहतां हें यंत्र एकट्याच्या घरांत शोभणारें नाहींच. एका कुटुंबाच्या तबकड्या महिन्याभरांत धुऊन होतात, आणि मग तें कपाटावर धूळ खात बसतें. धूळ धुणाऱ्या यंत्राची ही गत! १९९० सालीं मुंबईंत ध्वनिमुद्रिका-संगाहकांची संस्था निघाली, आणि या विषयाचा आस्थेनें अभ्यास करणारीं माणसें महाराष्ट्रांत आहेत हें सिद्ध झालें. गांवोगांवचीं संगीत-मंडळें, वाचनालयें आणि महाविद्यालयें यांनीं मिळून एकेक चांगलें यंत्र कां ठेवूं नये? एका महाविद्यालयांत, नांव सांगत नाहीं, देणगीदाखल आलेल्या तबकड्या जिन्याखालीं आडव्या रचून ठेवलेल्या आम्हीं पाहिल्या, आणि त्याच इमारतींत ध्वनि-प्रयोगशाळेच्या उद्घाटनाचा फलकहि पाहिला. अशा ठिकाणीं आठवड्यांतून एक दिवस ठरवावा, तबकडीमागें अल्प आकार घ्यावा, आणि पाणी केव्हां बदललें याची वही यंत्राशेजारींच उघडी ठेवावी, म्हणजे येणाऱ्यास ती पाहतां येईल. लाखेच्या तबकड्यांसाठीं मात्र त्याच खोलींत पलीकडच्या टेबलावर एक उथळ परात, मऊ कुंचला, शिक्क्यावर ठेवण्याची रबरी चकती आणि ज्याच्या हातास घाई नाहीं असा एखादा निवृत्त गृहस्थ बसवावा.